घाटाखालचा परदेश

वैशाख लागला की आमच्या गल्लीत मिरच्यांचा खकाणा उठतो. कोल्हापुरात वर्षाची चटणी याच दिवसांत होते. जोतिबाची चैत्रयात्रा उरकलेली असते, यात्रेहून परतलेल्यांच्या सदऱ्यांवरचा गुलाल दोन धुण्यांनंतरही पुरता निघालेला नसतो, आणि तेवढ्यात गच्च्यांवर, अंगणांत, जुन्या धोतरांवर तांबड्या मिरच्या पसरल्या जातात. उन्हाने त्या कडकडीत झाल्या की भाजणे सुरू होते. भाजते एक घर, ठसकते सगळी गल्ली. रस्त्याने जाणारा सायकलवालादेखील नाकावर रुमाल धरतो आणि धूर ज्या घरातून येतो त्या घराला जाता जाता दोन शब्द सुनावतो.

मी मात्र खिडक्या लावून मागच्या खोलीत बसतो. पन्नाशी उलटलेला कोल्हापूरचा माणूस मिरचीला भितो, ही शेजाऱ्यांची दर वर्षीची थट्टा. मीही त्यांच्याबरोबर हसतो. पण तो वास नाकात शिरला की मला त्रेपन्न सालचा वैशाख आठवतो, आणि आसपास काहीही घडलेले नसताना माझ्या मनात एक भय हळूहळू उभे राहते. ते कुणा चोराचे, सापाचे किंवा मरणाचे भय नाही. मी लिहिलेल्या आठ ओळींचे ते भय आहे.

पंचवीस वर्षे मी येथल्या एका लहान दैनिकात उपसंपादक म्हणून काम करतो आहे. शब्द कापणे, शब्द जोडणे आणि मथळा देणे हा माझा व्यवसाय. मला इथवर आणले ते माझ्या थोरल्या बहिणीने. आम्ही तिला अक्का म्हणतो. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लग्नानंतर चारच वर्षांत तिचे कुंकू गेले. ती परत आली, शिकली, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवू लागली आणि तिने मला शिकवले. वर्गात तिची भाषा पुस्तकासारखी शुद्ध असे. घरी येताच ती कोल्हापूरच्या इतर बायकांप्रमाणे ‘मी येतो, मी जातो’ असे बोलू लागे. त्रेपन्न साली तिचे शाळेतले शेवटचे वर्ष संपले. तीस वर्षे तिने मुलींना नकाशावर बंदरे, खाड्या आणि सीमारेषा दाखवल्या होत्या. स्वतः ती पुण्यापलीकडे गेलेली नव्हती.

त्या मे महिन्यात तिला प्रथमच तपासायला उत्तरपत्रिका नव्हत्या. एके दिवशी जेवताना तिने सहज सांगितल्यासारखे सांगितले, “मी वच्छीकडं जातो. पंधरा दिवस राहतो आणि येतो.”

वच्छी म्हणजे वत्सला, तिची लहानपणची मैत्रीण. दोघी एकाच बाकावर बसून शिकल्या. वच्छीचे लग्न होऊन ती गोव्यात, फोंड्याजवळच्या एका गावी गेली आणि तिथलीच झाली. दर वर्षी मार्च महिन्यात तिचे पत्र येई, आणि त्यात ठरलेला मजकूर असे: फणस लागले आहेत, विहिरीला पाणी आहे, यंदा तरी ये. अक्का दर वर्षी उत्तर लिही, पुढच्या वर्षी नक्की. असे सत्तावीस वेळा झाले होते.

विधवा बाईने, तेही शिक्षिकेने, केवळ मौजेसाठी प्रवासाला जावे, हे त्या काळी आमच्या ओळखीच्या घरांत कोणाच्या कल्पनेतही बसणारे नव्हते. म्हणून अक्काने कुलदैवताचा आधार घेतला. आमचे कुलदैवत फोंड्याच्याच बाजूला आहे. काही पिढ्यांपूर्वी आमचे पूर्वज तिकडून घाट चढून वर आले. तेव्हा अक्का शेजारीपाजारी सांगे की कुलदेवीची ओटी भरायची राहिली आहे, आणि मला एकट्याला हळूच सांगे की वच्छीच्या विहिरीवर बसून दोघींनी खूप हसायचे ठरवले आहे. तिच्या शाळेतल्या दोघी शिक्षिकाही तिच्याबरोबर निघणार होत्या. त्यांनाही एकेक देव तिकडे सापडला होता.

आज लिहिताना मला याचे नवल वाटते की ती जागा परदेश होती. आमच्या मोटार स्टँडवरून सकाळची गाडी धरली की आंबोलीच्या घाटाने माणूस दुपारी सावंतवाडीत उतरे; तिथून बांदा, आणि बांद्यापलीकडे फिरंग्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, हद्द. पुणे त्याहून लांब. भाषा आपली, देव आपले, फणस आपले; फक्त मध्ये एक नाका, एक शिक्का आणि टोपी घातलेला एक परका शिपाई. पण ‘परदेश’ हा शब्दच असा आहे की तो उच्चारताच ओळखीचे झाडदेखील अनोळखी दिसू लागते. घाटाखाली धुके असते हे सर्वांना माहीत होते. त्या धुक्यात काय आहे, हे सांगण्याचे काम मी पत्करले होते.

आमच्या दैनिकाची काम करण्याची रीत अशी होती. बाहेरच्या तारा मागवण्याचा आमचा आवाका नव्हता. म्हणून मी रोज दुपारी चारच्या सुमारास वही घेऊन स्टँडवर जाई, तिथल्या चहाच्या दुकानात बसे आणि खालून आलेल्या गाडीचे उतारू गाठी. कंडक्टर मला ओळखत. ते जे सांगत त्याच्या मी बातम्या करी. रात्रीत अंक छापून होई आणि सकाळी त्याच गाडीने, त्याच कंडक्टरच्या पायांशी, अंकांचा गठ्ठा घाटाखाली जाई. या वाटोळ्या फेऱ्यात काही वावगे आहे, असे मला कधी वाटले नाही.

वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात एका कंडक्टरने मला सांगितले, “काल नाक्यावर एका बाईचं बोचकं सोडाय लावलं फिरंग्यांनी. निपाणीची हुती. आत तंबाखू घावली.” एवढेच. तो चहा पिऊन निघून गेला.

मी कचेरीत परत आलो. आमचे संपादक, ज्यांना सगळे तात्या म्हणत, त्यांनी विचारले की खालचे काही आहे का. पहिल्या पानावर आठ ओळींची जागा रिकामी होती. मी लिहायला बसलो, आणि आजही ते लिहिणे मला ओळीओळीने आठवते. तंबाखूचा उल्लेख मी गाळला, कारण तंबाखू आली की बातमी साधी जकातीची होत होती. ‘एका बाईचे बोचके’ असे लिहिले असते तर ते पाचव्या पानावर गेले असते. म्हणून मी लिहिले, ‘स्त्रियांच्या गाठोड्यांची सर्रास झडती घेण्यात येत असून प्रवासी भयभीत झाले आहेत.’ भयभीत कोण झाले होते? कंडक्टर तर चहाची बशी ओठांना लावून फुंकर घालत होता. पण वाक्य पुरे व्हायला तो शब्द हवा होता. ‘सर्रास’ हा शब्दही माझाच. तो लिहिताना माझी लेखणी किंचितही अडखळली नाही, हे मी येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. खोटे लिहितो आहे असे मला वाटले नव्हते. परक्या सत्तेविरुद्ध लिहितो आहे असे वाटले होते, आणि त्या उदात्त भावनेच्या पांघरुणाखाली लहानसहान खोटे निवांत झोपी जाते.

तात्यांनी बातमी वाचली आणि मान डोलावली. त्यांचे एक आवडते वाक्य होते: घाबरलेला वाचक उद्याचा अंक आज मागतो. आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घाटाखाली गेला. तिसऱ्या दिवशी खालून वर आलेल्या गाडीतून शिरोळकडचे एक शेतकरी उतरले. सोबत म्हातारी आई, लेकरे, ट्रंका. देवदर्शनाला निघालेले कुटुंब दुसऱ्याच दिवशी परत का आले, म्हणून मी त्यांना चहाला बोलावले. ते बांद्यापर्यंत गेले होते आणि नाका न ओलांडताच परतले होते. मी विचारले, काही पाहिलेत का?

“आमी कशाला बघाय जातोय, पावणं? बांद्यातनंच माघारी फिरलो. म्हातारी संगं हाय. पर चाललंय की तसलं. स्त्रियांच्या गाठोड्यांची सर्रास झडती घेत्यात.”

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. त्या गृहस्थाच्या बोलण्यात ‘हाय’ होते, ‘घेत्यात’ होते, पण ‘स्त्रियांच्या गाठोड्यांची सर्रास’ हे त्याचे नव्हते. शिरोळच्या मळ्यात कोणी बायकांना स्त्रिया म्हणत नाही. ते वाक्य माझ्या टेबलावरचे होते. मी ज्याच्याकडून सत्य विचारून घेत होतो, तो मला माझेच वाक्य परत करत होता.

मला कळले. त्या क्षणी कळले, आणि हे मी गेली पाच वर्षे स्वतःपासूनही लपवत आलो आहे. समोर म्हातारी बशीतला चहा भुरकत होती आणि देवीचे दर्शन न झाल्यामुळे पुटपुटत होती. त्या वेळी मी एवढेच म्हणायला हवे होते की बाबांनो, ते मी लिहिले आहे, आणि मी काहीही पाहिलेले नाही. मी वही मिटली. कचेरीत आलो आणि लिहिले, ‘आमच्या वृत्तास नुकत्याच परतलेल्या विश्वसनीय प्रवाशांकडून दुजोरा मिळाला आहे.’

त्यानंतर ती बातमी माझी राहिली नाही. पुण्याच्या एका मोठ्या वृत्तपत्राने आमचा आधार देऊन ती छापली. तिथे गाठोड्यांबरोबर अंगावरच्या दागिन्यांचाही उल्लेख आला. आम्ही त्या पत्राचा आधार देऊन ती पुन्हा छापली, आणि या खेपेस तात्यांनी मथळ्यासाठी लाकडी ठशांचा मोठा संच काढायला लावला. तो संच आमच्या छापखान्यात एकच होता आणि स्वातंत्र्याच्या दिवसानंतर तो फारसा कोणी हाताळला नव्हता. कंपॉझिटरने ठशांवरची धूळ फुंकली. ओला अंक माझ्या हातात आला तेव्हा तो मथळा वाचून माझ्याच अंगावर काटा उभा राहिला. पुण्याच्या लोकांना काहीतरी अधिक ठाऊक असणार, असे मला मनापासून वाटले. मुळात एक बाई आणि थोडी तंबाखू होती, हे माझ्या मनाने इतक्या सफाईने पुसून टाकले की त्या सफाईची मला आज अधिक भीती वाटते.

पुढच्या आठवड्यात तोच कंडक्टर भेटला. गाडी अर्धी रिकामी जात होती, त्यावरून तो मला डिवचू लागला. मग आवाज खाली आणून त्याने विचारले, “मी तुमाला एका बाईचं बोललोतो. बाकीचं कोन सांगितलं?” मी वही चाळू लागलो. त्याचा त्याने भलताच अर्थ लावला. तुमच्याकडे तारा येत असतील, आम्ही आपले गाडीत बसून काय बघणार, असे म्हणून त्याने मान हलवली आणि सांगून टाकले की त्याने आपल्या बायकोचे बांद्याला माहेरी जाणेदेखील रहित केले आहे. रोज त्या वाटेने जाणारा, रोज सुखरूप येणारा माणूस मी लिहिलेल्या भयाला भ्याला होता. त्याने डोळ्यांनी पाहिलेले हरले आणि मी न पाहता लिहिलेले जिंकले.

घरी त्या दिवसांत चटणीचे काम चालले होते. अक्का स्वतः मिरच्या भाजत होती. वच्छी दर पत्रात लिही की तिकडे सर्व मिळते, फक्त कोल्हापूरची चटणी मिळत नाही. तेव्हा तिच्यासाठी वेगळी, कांदा-लसूण घातलेली, दुहेरी तेलाची बरणी भरायची होती. उखळाशी बसलेल्या अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती हसत होती. माझी पत्नी तिला म्हणाली की अक्का, एवढी तिखट चटणी नाक्यावर उघडली तर फिरंगी शिपाई जागच्या जागी आडवा होईल. दोघी पोट धरून हसल्या. मी मात्र तेव्हा हसू शकलो नाही. नाक्यावर ती बरणी उघडली जात आहे, असे दृश्य माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले, आणि ते इतके स्पष्ट होते की शिपायाची नखे मला दिसली.

मग तिच्या सोबतिणी गळू लागल्या. एकीने सांगितले की तिच्या यजमानांनी पेपर ताटाशेजारी आणून ठेवला आणि ते एक शब्द न बोलता जेवून उठले. दुसरीने तेवढेही सांगितले नाही. तिला अचानक भाचीच्या लग्नाची आठवण झाली. अक्काने दोघींना समजून घेतले. ती कोणावर रागावत नसे.

निघायला चार दिवस उरले होते. संध्याकाळी आम्ही दोघे रंकाळ्यावर फिरायला गेलो. पाणी खाली गेले होते आणि काठाच्या ओल्या चिखलाचा वास येत होता. भेळवाल्यांचे कंदील नुकते लागत होते. अक्का दगडी कठड्यावर बसली, पदराने मान पुसली आणि माझ्याकडे न पाहता तिने विचारले, “तुमच्या पेपरात आलंय ते खरं काय रे? तू खोटं म्हण, मी एकटी जातो.”

मी या प्रश्नाकडे पाच वर्षे पाहत आलो आहे. उत्तराला फार वेळ लागला नाही. तळ्यावरून एक बगळा उडून दुसऱ्या काठाला गेला, तेवढाच. तेवढ्या वेळात माझ्या मनात दोन भये एकमेकांशी बोलली. एक म्हणाले की जर खोटं आहे, जा म्हटलेस आणि तिला काही झाले, तर? दुसरे म्हणाले की ती जाऊन सुखरूप परत आली, तर? होय, हे दुसरे भयही तिथे होते. अक्का पंधरा दिवसांनी हसत, उन्हाने रापलेली, फणसाचे गरे घेऊन स्टँडवर उतरली असती आणि साऱ्या गल्लीने मला विचारले असते की अहो, तुमचे ते सर्रास कुठे गेले? पहिले भय भावाचे होते. ते मी उजळ माथ्याने कबूल करू शकतो. दुसरे उपसंपादकाचे होते. त्या दोघांपैकी कोण बोलले, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. आवाज एकच आला.

“खरं आहे,” मी म्हणालो.

अक्काने माझ्याकडे पाहिले. भूगोलाच्या तासाला चुकीच्या जागी बोट ठेवणाऱ्या मुलीकडे ती पाही, तसे शांतपणे आणि थोडे अधिक वेळ. मग म्हणाली, बरं, पुढच्या वर्षी. आम्ही भेळ खाल्ली. घरी येताना ती मला कुठल्याशा विद्यार्थिनीची गंमत सांगत होती.

पुढचे वर्ष आले तेव्हा खरोखरच परवाने आणि अडवणूक सुरू झाली होती. त्याच्या पुढच्या श्रावणात सत्याग्रही हद्दीत गेले आणि त्यांच्यावर खरोखर गोळ्या झाडल्या गेल्या. नाके बंद झाले. त्या दिवशी स्टँडवर जी माणसे आली त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यांच्या बोलण्यात एकही शब्द माझा नव्हता, किंबहुना त्यांना नीट बोलताच येत नव्हते. मी कचेरीत आलो. तात्या डोके धरून बसले होते. कंपॉझिटरने तोच लाकडी संच काढला, कारण त्याहून मोठा आमच्याकडे नव्हता. एका बाईच्या बोचक्याला जेवढे अक्षर दिले होते तेवढेच अक्षर आम्ही त्या मेलेल्या तरुणांना दिले. दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात एकाने अंक उलगडला, मथळा पाहिला आणि म्हणाला की यांचे नेहमीचेच आहे. मी त्याच्या शेजारच्या बाकावर होतो. मला त्याचा राग आला नाही. त्याला तसे म्हणायला मीच शिकवले होते.

तेव्हापासून मला शब्दांची भीती वाटते. सकाळी वर्तमानपत्र उघडताना मी प्रथम विशेषणे शोधतो, काळोख्या खोलीत विंचू शोधावा तसे. तरुण सहकारी ‘खळबळ’ लिहितो, तेव्हा कोणाची, किती जणांची, तू पाहिलीस का, असे मी विचारतो, आणि तो माझ्याकडे दयेने पाहतो. गेल्या वर्षी एक गृहस्थ लंकेला सहलीला निघाले होते. तिकडे काही दंगेधोपे असल्याचे त्यांनी वाचले होते, म्हणून मला विचारायला आले. मी त्यांना सांगितले की मला ठाऊक नाही. ते नाराज झाले. वर्तमानपत्रातल्या माणसाने ठाऊक नाही म्हणावे, हे त्यांना अपमानकारक वाटले असावे. पण त्या तीन शब्दांपर्यंत यायला मला किती वर्षे लागली, हे त्यांना कसे सांगणार?

यंदा पुन्हा वैशाख आला. गेल्या रविवारी गल्लीत पहिला खकाणा उठला आणि मी नेहमीप्रमाणे मागच्या खोलीत गेलो. तिथे अक्का बसली होती. ती आता साठीची आहे. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे. मी तिच्यासमोर बसलो, आणि कोणीही विचारलेले नसताना सांगू लागलो. कंडक्टर, तंबाखू, शिरोळचे शेतकरी, रंकाळ्यावरचे ते दोन शब्द, सगळे. बोलताना मी तिच्या पायांकडे पाहत होतो. शेवटी म्हणालो की मी खुलासा छापणार आहे. आमच्या व्यवसायात चूक झाली तर चार ओळींचा खुलासा देण्याची रीत आहे, आणि तो मी पाच वर्षे दिलेला नाही. खिशातून कागद काढून मी तिला तो वाचूनही दाखवला.

अक्काने जे सांगितले ते मला अपेक्षित नव्हते. तिला तेव्हाच ठाऊक होते. शाहूपुरीतले एक लिंगायत व्यापारी, ज्यांची मुलगी तिच्या वर्गात होती, ते त्या वैशाखात दर आठवड्याला गूळ घेऊन गोव्यात जात आणि आंबे घेऊन येत. त्यांनी तिला हसून सांगितले होते की बाई, कुठलं काय, माझ्या बायकोला घेऊन गेलतो की परवा, तुम्हीबी चला. रंकाळ्यावर आम्ही गेलो त्याच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट.

मग मला का विचारलेस, असे मी म्हणालो.

“तुझं तोंड बघितलं मी. मी जगलो-वाचलो तरी हा पंधरा दिवस जेवणार नाही, असं वाटलं. म्हटलं, एक वर्ष काय, वच्छी कुठं पळून जाते.”

म्हणजे माझ्या खोट्याला ती फसली नव्हती. माझ्या भीतीपुढे तिने स्वतःची सुट्टी ठेवून दिली होती. मला वाटले की आता तरी हे संपले. सत्य बाहेर आले, तिने मला केव्हाच क्षमा केली होती. माझ्या छातीवरचे ओझे हलले, आणि त्या हलकेपणाची मला लाज वाटली तेवढ्यात अक्का उठली. तिने आपल्या पेटीतून एक पाकीट आणले. कडेला कोणीतरी फोडून पुन्हा चिकटवलेले.

न येण्याचे खरे कारण वच्छीला कळवणे तिला शक्य नव्हते. तुझ्या गावात स्त्रियांची विटंबना होते असे माझ्या भावाने छापले आहे, हे मैत्रिणीला कोण लिहील? म्हणून अक्काने लिहिले की ताप येतो, डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात. एक लहानसे खोटे, माझे झाकण्यासाठी. वच्छी घाबरली. तिने देवीला सांगणे केले, गाऱ्हाणे घातले, सोमवार धरले. अक्काने लगोलग कळवले की आता मी अगदी बरी आहे. पण बरी होती तर ती पुढच्या वर्षी का आली नाही? परवान्यांचे कारण वच्छीला खरे वाटले नाही. तिला वाटले की आजारपण लपवले जात आहे. प्रत्येक पत्रागणिक तिची भीती वाढत गेली. इकडून धीर जाई, तिकडून भीती येई. मग नाके बंद झाले, पत्रे उशिरा येऊ लागली, मग फोडलेली येऊ लागली, मग येईनाशी झाली. हे पाकीट शेवटचे.

अक्काला आता बारीक अक्षर दिसत नाही. पत्र मी वाचले. पाकिटावर नाव नेहमीप्रमाणे अक्काचे होते, पण आतले पत्र तिला नव्हते, मला होते. वच्छीने मला माझ्या लहानपणीच्या नावाने लिहिले होते: ‘गेल्या तीन पत्रांतले अक्षर अक्काचे वाटत नाही. वळण निराळे आहे. मला वाईट वाटू नये म्हणून तिच्या नावाने तू लिहीत असशील, तर तसे करू नये. ती गेली असल्यास स्पष्ट कळवावे. मी सुतक धरीन.’

अक्काने त्या वर्षी चष्मा बदलला होता. अक्षर त्यामुळे हलले होते. आलेल्या दिवशीच तिने या पत्राला उत्तर लिहिले होते, मोठमोठ्या अक्षरांत, शाळेतल्या दोन-चार गोष्टी ज्या त्या दोघींनाच ठाऊक होत्या त्या मुद्दाम घालून. ते पोचले की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्यानंतरची चारही पत्रे अशीच अंधारात गेली. मला तिने यातले काही कळू दिले नव्हते, कारण मी घाबरलो असतो.

बाहेर गल्लीत कोणीतरी जोरजोराने ठसकत होते. माझ्या हातात माझा खुलासा होता, चार ओळींचा, नीट बेतलेला, एकही जादा विशेषण नसलेला. अक्काने तो माझ्याकडून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि परत दिला.

“छाप की,” ती म्हणाली. “पण कोण मेलं हे तुमच्या पेपरात रोज येतं. कोण जिवंत आहे, हे येतं काय रे कधी?”

मी माझी पंचवीस वर्षे आठवून पाहिली.